एकशेवीस तासांतले सहा

२०११च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा असल्याचं सांगणारे लोक होते ८ कोटी ३० लाख. त्याच जनगणनेत इंग्रजी ही आपली दुसरी भाषा असल्याचं सांगणारे भरले ८ कोटी ३१ लाख. तिसरी भाषा म्हणून इंग्रजीचं नाव घेणारे आणखी ४ कोटी ६० लाख. आणि इंग्रजी ही मातृभाषा? सगळ्या देशात मिळून २ लाख ६० हजार. त्यातले लाखभर एकट्या महाराष्ट्रात सापडले, हा मुंबईचा प्रताप.

आता भागाकार करा. इंग्रजी मातृभाषा असलेल्या दर एका माणसामागे ती दुसरी भाषा म्हणून वापरणारी तीनशेवीस माणसं आहेत. म्हणजे आपल्याकडे इंग्रजी ज्याने शिकवली, त्यालाही ती कुणीतरी शिकवलेलीच होती. ती त्याने आईच्या कडेवर बसून उचललेली नाही. गुरुजींचं इंग्रजी कच्चं म्हणून मुलांचं कच्चं, हे वाक्य चावडीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. इंग्रजी येणं आणि इंग्रजी शिकवता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण गेली पंचवीस वर्षं पहिलीच्या मागे लागून दुसरीचा हिशेब मांडायचं टाळलं आहे.

पंचवीस वर्षं म्हणायचं कारण असं, की मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून २००० मध्ये. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी माध्यमाच्या मुलाची आणि इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. निर्णयावर तेव्हा रान पेटलं होतं. मराठी बुडेल असं एका बाजूचं म्हणणं, गरिबाच्या पोराला दार उघडेल असं दुसऱ्या बाजूचं. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला: उद्या सकाळी वर्गात उभं राहून हे शिकवणार कोण? पहिलीच्या बाईंनी डी.एड. केलं होतं ते मराठी, गणित, परिसर शिकवायला. इंग्रजी त्यांनी स्वतः पाचवीनंतर घोकलेलं. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यातली काही स्वतः शिक्षक होऊन पहिलीला इंग्रजी शिकवत आहेत.

फळ काय मिळालं, ते 'असर'च्या पाहणीत दिसतं. ही पाहणी ग्रामीण भारताची, एकट्या महाराष्ट्राची नव्हे. पण चित्र ओळखीचं आहे. इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता येणारी पाचवीतली मुलं २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीत हाच आकडा ४५.३ वरून ४६.७ वर गेला. मधली दोन वर्षं करोनाने खाल्ली, हे ध्यानात घेऊनही आकडा जागचा हललेला नाही. २०२३ मध्ये 'असर'ने १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची वेगळी पाहणी केली. त्यात ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना त्यांचा अर्थ सांगता आला. दोन्हींचा गुणाकार केला तर शंभरातले बेचाळीसच अर्थापर्यंत पोचतात. वाचणाऱ्यांतले बाकीचे पंधरा जण वाक्य खणखणीत वाचतात आणि त्यात काय म्हटलंय ते त्यांना ठाऊक नसतं. माझ्या मते सगळ्या आकडेवारीत शिकवण्याबद्दल सर्वांत जास्त बोलणारा आकडा हा पंधराचा आहे. न समजता खणखणीत वाचायला मूल आपोआप शिकत नाही. तसं त्याला शिकवावं लागतं.

वेळ कमी पडतो का? तोही हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस भरायला हवेत, सहावी ते आठवीला २२०. रोज ३५ मिनिटांची एक तासिका इंग्रजीची धरली, तर २०० दिवसांची झाली ७,००० मिनिटं, म्हणजे साधारण ११७ तास. दहावीपर्यंतच्या दहा वर्षांत जवळपास १,१७० तास. युरोपीय भाषा चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. त्यातल्या चौथ्या पायरीला, म्हणजे नोकरीत नि कॉलेजात निभावून नेता येईल अशा बी२ला पोचायला मार्गदर्शनाखालचे ५०० ते ६०० तास लागतात, असा केंब्रिजचा अंदाज आहे. आपल्या वेळापत्रकात त्याच्या दुप्पट तास आहेत.

हे तास जातात कुठे, ते एका तासिकेत शिरून पाहिलं की कळतं. वर्गात मुलं ३०. ही कायद्याने प्राथमिकला सांगितलेली संख्या. तासिका ३५ मिनिटांची. बाईंनी तोंडातून अवाक्षर न काढता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० सेकंद येतात. पण बाई बोलणारच. धडा वाचणार, अर्थ सांगणार, फळ्यावर शब्दार्थ लिहिणार, दंगा करणाऱ्याला उभा करणार. समजा पंचवीस मिनिटं त्यांची गेली. उरली दहा. एकेकाला उठवून बोलतं केलं, तर प्रत्येकाला २० सेकंद. वर्षाचे २०० दिवस धरले तर एक तास सात मिनिटं. दहा वर्षांत अकरा तास. १,१७० तासांच्या वेळापत्रकातून एका मुलाच्या जिभेवर इंग्रजी आलं ते अकरा तास, तेही एकही दिवस न चुकता शाळेत आलेल्या मुलाच्या.

आता त्याच दहा मिनिटांत मुलांच्या पंधरा जोड्या करा आणि जोडीत एकमेकांशी बोलायला लावा. प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. पंधरापट. यासाठी बाईंना बीबीसीसारखं इंग्रजी यायची गरज नाही, शाळेला वेगळं अनुदान नको, टॅब नको. पण जोड्या लावणं दिसतं तितकं सोपं नाही. नेमकं काय बोलायचं ते तीन छोट्या वाक्यांत सांगता आलं पाहिजे, एका जोडीला पुढे बोलावून करून दाखवता आलं पाहिजे, तीस तोंडं एकदम उघडली की होणारा कलकलाट सोसता आला पाहिजे, आणि तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावले की ओशाळून चालत नाही. ही हातोटी आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसंच.

इथे प्रशिक्षणाचा विषय सुरू होतो. जगभर इंग्रजी शिकवायला निघालेली माणसं जे सर्वांत प्रसिद्ध प्रमाणपत्र घेतात त्याचं नाव 'सेल्टा'. ते केंब्रिजचं. त्याचं मूळ शोधत गेलं तर १९६२चं लंडन लागतं. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या नवराबायकोने त्यांच्या 'इंटरनॅशनल हाउस' या शाळेत शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग काढला. तोवर इंग्रज असलं की इंग्रजी शिकवता येतं, असाच तिथे समज होता. हेक्राफ्ट दांपत्याने नवशिक्यांना सरळ खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं केलं आणि पाठीमागे बसून पाहिलं. 'सेल्टा'चा सांगाडा आजही तोच आहे. किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात प्रत्येकाने खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे सहा तास, आणि अनुभवी शिक्षकांचे पाठ पाहायचे आणखी सहा तास. पूर्णवेळ केला तर चार ते पाच आठवड्यांत संपतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचं तोलामोलाचं प्रमाणपत्र १३० तासांचं, पण शिकवायचे तास त्यातही सहाच.

एकशेवीसपैकी सहा म्हणजे पाच टक्के. बाकीचे पंचाण्णव टक्के या पाचाभोवती फिरतात: आदल्या संध्याकाळी पाठाची आखणी, दुसऱ्या दिवशी चाळीसेक मिनिटांचा पाठ, लगेच त्याची चिरफाड, मग पुढच्या पाठाची आखणी. चिरफाड करणारा प्रशिक्षक मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला असतो, आणि बरोबरचे चार-पाच सहाध्यायीही. रडू कोसळणारे काही कमी नसतात.

ही चिरफाड कशाची होते, त्याचा एक नमुना. 'बॉरो' हा शब्द शिकवायचा आहे. आपल्याकडची रीत: 'बॉरो म्हणजे उसनं घेणं, समजलं का?' सगळा वर्ग एका सुरात, 'हो ऽऽ!' प्रशिक्षक इथेच थांबवतो. 'समजलं का' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारं मूल अजून जन्माला यायचं आहे, तेव्हा तो प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी राजूची पेन्सिल उचला आणि विचारा: पेन्सिल कुणाची? आत्ता कुणाकडे आहे? मी ती परत देणार की ठेवून घेणार? तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं एकेका शब्दाची, आणि कुणाला कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. मराठी शिक्षकाच्या हातात तर इथे एक जास्तीचं हत्यार आहे. इंग्रजीत 'बॉरो' आणि 'लेंड' हे दोन सुटे शब्द, त्यांचा गोंधळ जगभरची मुलं घालतात. मराठीत उसनं एकच. घेतलं की 'बॉरो', दिलं की 'लेंड'. हे दोन मिनिटांत पटवून देणं लंडनहून आलेल्या शिक्षकाला जमणार नाही. मुलांची भाषा येणं ही शिक्षकाची उणीव नसून त्याचं भांडवल आहे. फक्त ते कुठे गुंतवायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे शिकावं लागतं.

ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात आणखी एक झकास गोष्ट आहे. त्यात होऊ घातलेल्या शिक्षकांना चार तास एक पूर्ण अनोळखी भाषा शिकवतात, तीही त्याच भाषेतून, आणि नंतर त्यांनी विद्यार्थी म्हणून काय वाटलं ते लिहायचं असतं. आपल्या एखाद्या केंद्रशाळेत हा प्रयोग करून पाहावा. सगळ्या गुरुजींना कानडी, तेही मराठीचा एक शब्द न वापरता. दहाव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं सुरू होईल, याची मी हमी देतो.

१२० या आकड्याचं पुढे जे झालं ते मात्र बाजाराला शोभेसं. इंटरनेटवर '१२० तासांचं प्रमाणपत्र' विकणारे आता पैशाला पासरी झाले आहेत. आकडा तोच उचलला, कारण परदेशातल्या भरतीच्या जाहिरातींत तो मागतात. सहा मात्र गाळले. व्हिडिओ बघा, बरोबर पर्यायावर टिचकी मारा, प्रमाणपत्र छापून घ्या. खऱ्या 'सेल्टा'चं शुल्क लाखाच्या पुढे जातं आणि हे काही हजारांत मिळतं, तेव्हा कुणाला दोष द्यावा? पण जिवंत विद्यार्थ्यासमोर एकदाही उभं न करता दिलेलं शिकवण्याचं प्रमाणपत्र म्हणजे रस्त्यावर न नेता दिलेलं गाडीचं लायसन्स.

हे सगळं विलायती कौतुक झालं, असं म्हणाल तर थांबा. आपल्या बी.एड.कडे पाहा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला प्रत्यक्ष अनुभव २० आठवड्यांचा झाला. सहा तासांपुढे वीस आठवडे म्हणजे डोंगर. शिवाय सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे केव्हापासून आहे. स्टॅनफर्डमध्ये १९६०च्या दशकात निघालेली ती पद्धत आपण आपल्या मापाने बेतून घेतली. भारतीय आवृत्तीचं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं नव्याने आखणी, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. म्हणजे वेळेचा तिसरा हिस्सा फक्त 'तुझं कुठे चुकलं' हे सांगण्यासाठी. कागदावर हे 'सेल्टा'लाही लाजवील.

कागदावर. ज्यांनी बी.एड. केलंय त्यांनी आठवून पाहावं. सूक्ष्म पाठाला समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच सहा-सात छात्राध्यापक, ज्यांना उत्तरं आधीच पाठ असतात. सराव पाठाला शाळेचा वर्ग खरा, पण निरीक्षक प्राध्यापक एकाच तासिकेत तीन वर्गांत डोकावतात. पाठ टाचण मात्र देखणं: उद्दिष्टं निळ्या शाईने, स्पष्टीकरणं काळ्या, समास आखलेला. सही टाचणावर होते, पाठावर होत नाही. निरीक्षण वहीतला 'फलकलेखन चांगले, आवाज सुस्पष्ट' हा शेरा मी इतक्या वह्यांत वाचला आहे की त्याचा शिक्का करून घ्यायला हरकत नव्हती. वीस आठवड्यांपैकी किती मिनिटं कुणी खरोखर पाहिलं, याचा रकाना कुठल्याच वहीत नसतो.

आणि प्राथमिकच्या शिक्षकाला इंग्रजी हा सगळ्या विषयांतला एक विषय. त्याचं खरं प्रशिक्षण होतं ते नोकरी लागल्यावर, सुट्टीत किंवा सुट्टी तोंडावर आली की, तालुक्याच्या एखाद्या सभागृहात. इथे आकडे मोठमोठे असतात, आणि ते आजचे नाहीत. १९६०च्या सुमारास तेव्हाच्या मद्रास राज्यात नवशिक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या २७,००० शिक्षकांना नव्याने तयार करायची मोहीम निघाली. मध्यवर्ती गटाने काहींना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यापुढच्यांना. तिचं नाव पडलं 'मद्रासचा स्नोबॉल'. मद्रासच्या उन्हात बर्फाचा गोळा! ज्याने हे नाव ठेवलं त्याला त्यातला विनोद जाणवला होता की नाही, कुणास ठाऊक. बर्फाळ डोंगरावरून गडगडत येणारा गोळा वाढत जातो, मरीना बीचवरचा वितळतो.

आपली उतरंडही तीच: राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र, मग शिक्षक. मधे चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर ऐकलेल्यातलं ऐंशी टक्के पुढे पोचतं असं मानलं (हे फार उदार मानणं झालं), तर शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, मग एक्कावन्न, मग एक्केचाळीस. सत्तर टक्के धरले तर शेवटी चोवीसच उरतात. यात सुलभकाची, म्हणजे पुढच्यांना शिकवणाऱ्याची, चूक नसते. जिल्ह्याला त्याने तीन दिवस जे केलं ते त्याला तालुक्याला दीड दिवसात उरकायचं असतं, आणि छाटणी करताना पहिल्यांदा उडतो तो सराव. व्याख्यान शाबूत राहतं. प्रोजेक्टर लागला नाही तर पीपीटी वाचून दाखवली जाते.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षक प्रशिक्षणावर आयुष्य घातलं. त्यांचा निष्कर्ष असा, की नुसतं सांगून आणि करून दाखवून वर्गात जवळजवळ काहीच उतरत नाही. सराव आणि प्रत्याभरण जोडलं तर सुमारे पाच टक्के शिक्षकांच्या वर्गात उतरतं. वर्गात येऊन कुणी सातत्याने सोबत केली तर पंचाण्णव. इतके गोल आकडे पाहिले की मला शंका येते, आणि हे मोजमाप कमी नि अंदाज जास्त आहे हे उघड आहे. पण दिशेबद्दल कुठल्या शिक्षकाचं दुमत असेल असं वाटत नाही. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. चांगलं आहे. पण ते पन्नास तास मोबाईलवर चित्रफिती पुढे सरकवण्यात जाणार असतील, तर तीस वर्षांच्या नोकरीत दीड हजार तास होतील आणि मागच्या बाकावर कुणीही बसलेलं नसेल.

बसायला माणूस आहे का? आहे, निदान पदनाम आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांची मंजूर पदं ४,८६०. दहा-बारा शाळांमागे एक असा साधारण हिशेब. शाळेत जाऊन पाठ पाहणं, शिक्षकाला दिशा देणं, याच कामासाठी हे पद निघालं. एका केंद्रात १२ शाळा आणि इंग्रजी शिकवणारे ४८ शिक्षक धरू. प्रत्येकाला वर्षाला 'सेल्टा'एवढे सहा तास द्यायचे म्हटलं, तर होतात २८८ तास. दिवसाला दोन तासांच्या बेताने १४४ दिवस. शाळेचे दिवस दोनशेच्या वर, म्हणजे गणित अगदीच अशक्य नाही. अशक्य होतं ते माहित्या भरण्याने, पोषण आहाराच्या तक्त्याने, निवडणुकीच्या कामाने आणि रिकाम्या खुर्च्यांनी. २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २,३८४ जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली. मंजूर पदांच्या जवळपास निम्म्या. तोवर एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कारभार होता.

दुसरी वाटही चाचपून झाली आहे. २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्स, ब्रिटिश काउन्सिल आणि राज्य सरकार यांनी मिळून नऊ जिल्ह्यांत 'तेजस' उपक्रम सुरू केला. जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट करायचे, त्यांनी ठराविक दिवसांनी भेटायचं, एखादी कृती वर्गात करून पाहायची आणि पुढच्या भेटीत तिचं काय झालं ते एकमेकांना सांगायचं. साहेब नाही, परीक्षा नाही. मला ही कल्पना आवडते, कारण तिच्यात पायऱ्या नाहीत. अडचण एवढीच, की चूक सांगणाराही आपल्यातलाच असतो आणि आपण मराठी माणसं मित्राला तोंडावर चूक सांगायला फार भिडस्त. भिडेपोटी सगळे पाठ 'छान'च होतात.

चूक कशी सांगावी, हे मी पुणे जिल्ह्यातल्या एका दुशिक्षकी शाळेत पाहिलं. तिथल्या शेरेबुकात बहुतेक पानांवर 'अध्यापन समाधानकारक' होतं. एका पानावर मात्र कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'प्रश्न विचारल्यावर आपण लगेच स्वतःच उत्तर देता. मनात तीन मोजून पाहावे.' लिहिणाऱ्याने मेरी बड रो हे नाव ऐकलं असेल-नसेल. या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं टेपवर घेऊन घड्याळ लावून मोजली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. ते वर्ग त्या मुलांच्या स्वतःच्या भाषेतले होते. आपल्या मुलाला तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर मराठीत शोधायचं, ते इंग्रजीत न्यायचं, क्रियापद शेवटून उचलून मधे आणायचं, आणि मग तोंड उघडायचं.

बाईंनी शेरा मनावर घेतलेला दिसला. मी मागे बसलो होतो. त्यांनी सायकलवरून पिशवी घेऊन निघालेल्या माणसाचं चित्र वर धरलं आणि विचारलं, 'व्हेअर इज ही गोइंग?' दुसरा हात त्यांनी खाली सोडला होता, आणि त्या हाताचं एकेक बोट उघडत होतं. एक. दोन. तीन. खिडकीजवळच्या पोराने तोंड उघडलं, 'ही इज... गोइंग... टू...' आणि तो अडला. पुढच्या बाकावरच्या दोघींना उत्तर येत होतं, त्या ढोपरांवर उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौथं बोट उघडलं.

'बाजार,' पोरगा म्हणाला.